सांता रोझाचं ब्लू होल: हायवेलगतची जिवंत विहीर आणि तिचा हिशोब

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात इंटरस्टेट ४० वर सांता रोझा नावाचं छोटं गाव आहे. जुना रूट ६६ याच गावातून जायचा. हायवे सोडून पाचेक मिनिटं गाडी आत नेली की एका गोल डोहाशी रस्ता संपतो. या काठापासून त्या काठापर्यंत अंतर सुमारे १८ मीटर. मराठवाड्यातली एखादी ऐसपैस बारव डोळ्यांसमोर आणा, तिच्या पायऱ्या काढून टाका, पाण्याला गडद निळा रंग द्या, म्हणजे ब्लू होल झालं. खोली मात्र २५ मीटर, म्हणजे आठमजली इमारत आत उभी राहील एवढी.

निकाल आधीच सांगतो. अल्बुकर्कीहून अमॅरिलोकडे किंवा उलट दिशेने जाणार असाल आणि ओपन वॉटर कार्ड, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र, खिशात असेल तर इथे एक दिवस जरूर काढा. डॅलस किंवा डेन्व्हरहून शनिवार-रविवारसाठी मुद्दाम यायचं असेल तर बॉयन्सीवर, म्हणजे पाण्यात न बुडता न तरंगता स्थिर राहण्यावर, हात बसवायला, नवा सूट तपासायला किंवा पुढचा कोर्स पुरा करायला या. मासे, प्रवाळ, रंग बघायची हौस असेल तर इथे फिरकू नका. जिवंत म्हणाल तर कोणीतरी आणून सोडलेले गोल्डफिश आणि दगडांच्या सांदीतले क्रेफिश, एवढंच. दोन डाइव्ह पुरतात. तिसरीत तेच गोल्डफिश परत भेटतात.

पाणी मात्र पाहण्यासारखं आहे. तळातून मिनिटाला सुमारे ३,००० गॅलन, म्हणजे ११,००० लिटरच्या वर पाणी येतं आणि वरच्या कडेने वाहून जातं. डोहातलं पाणी सतत नवं होत राहतं. म्हणून बारा महिने तापमान एकच: ६१ ते ६२ अंश फॅरनहाइट, आपल्या मापात १६ ते १७ सेल्सिअस. बाहेर जुलैचं ऊन असो की जानेवारीचा बर्फ, आत फरक नाही. एकेकाळी याच पाण्यावर इथे माशांची हॅचरी चालायची.

आकार घंटेसारखा आहे. वर १८ मीटरचं तोंड आणि खाली जाईल तसा तो रुंदावत सुमारे ४० मीटर होतो. हे कागदावर वाचून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पाण्यात पहिली चूक इथेच होते. भिंतीच्या आधाराने खाली गेलेला नवखा डाइव्हर वर येताना सरळ वर येतो आणि डोकं खडकाला लागतं, कारण भिंत त्याच्यावर झुकलेली असते. वर जायचं ते डोहाच्या मध्याकडे सरकून, शक्यतो सोडलेल्या दोराच्या कडेने. खालून वर बघितलं तर उजेडाचा एक गोल तुकडा दिसतो आणि त्याच्या दिशेने सगळ्यांच्या बुडबुड्यांच्या माळा चढत असतात. विहिरीच्या तळाशी बसून आभाळ बघावं तसं. या जागेचं एकच सुंदर दृश्य आहे, ते हेच, आणि ते बघायला १८ मीटर खोली पुरेशी आहे.

तळाशी लोखंडी जाळी आहे. पाणी जिथून येतं त्या गुहेचं तोंड तिने बंद केलंय. १९७६ मध्ये आत गेलेले दोन तरुण डाइव्हर परत आले नाहीत, त्यानंतर ती बसवली. पुढे खास परवानगी घेऊन एक शोधपथक गुहेत उतरलं, सुमारे ५९ मीटर खोलीपर्यंत पोचलं, आणि त्याच कामात २०१६ मध्ये एका कसलेल्या गुहा-डाइव्हरचा जीव गेला. जाळीत हात घालणं, फट कुठे आहे का ते चाचपणं, बॅटरी मारून आत डोकावणं, यातलं काही करू नका. जाळीभोवती बारीक गाळही साठलेला असतो. एक फिन चुकीची हलली की मागच्या जोडीला काही दिसत नाही. तळापासून दोन मीटर वर थांबा, तिथूनही सगळं दिसतं.

आता खरा विषय: उंची. सांता रोझा समुद्रसपाटीपासून सुमारे ४,६०० फुटांवर, म्हणजे १,४०० मीटरवर आहे. तारकर्लीला, ग्रँड आयलंडला किंवा नेत्राणीला डाइव्हिंग शिकलेल्या माणसाला हे प्रकरण कधी भेटलेलंच नसतं. ३०० मीटरच्या वर गेलं की कुठल्या खोलीला किती मिनिटं राहायचं ते सांगणारे सगळे तक्ते बदलतात. कारण साधं आहे. इथे हवेचा दाब समुद्रावरच्या दाबाच्या सुमारे ८४.५ टक्के आहे. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडताना पृष्ठभागावरचा दाब जितका कमी, तितकं बुडबुडे धरणं सोपं. म्हणून इथली २५ मीटरची डाइव्ह तक्त्यात २५ ची धरायची नाही. खोलीला ०.८४५ ने भागा, गोड्या पाण्यासाठी २.५ टक्के वजा करा, म्हणजे उत्तर येतं सुमारे २९ मीटर. तक्त्यात वरचं घर ३० मीटरचं, आणि पाडी (PADI) या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात ३० मीटरला विनाथांबा मुदत, म्हणजे वाटेत न थांबता वर येता येईल इतका वेळ, २० मिनिटं. २५ चं घर वाचणारा माणूस स्वतःला २९ मिनिटं देऊन बसतो. नऊ मिनिटांची ही चूक पाण्यात जाणवत नाही, संध्याकाळी खांद्यात जाणवते.

सेफ्टी स्टॉपचंही, म्हणजे वर येताना नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घ्यायच्या थांब्याचंही, तेच. समुद्रातला ५ मीटरचा थांबा इथे ४ ते साडेचार मीटरवर घ्यायचा, आणि इथे तो ऐच्छिक समजू नका. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवा.

कुठून आलात तेही हिशोबात धरावं लागतं. डॅलस किंवा ह्यूस्टनहून गाडी हाकत आलात तर शरीरात खालच्या दाबाचा नायट्रोजन भरलेला असतो, म्हणजे पाण्यात न उतरताच तुमची एक डाइव्ह झालेली असते. पाडीच्या रीतीने उंचीवर पोचल्यावर सहा तास थांबा. नाहीतर प्रत्येक ३०० मीटरला दोन प्रेशर गट (शरीरातल्या नायट्रोजनची पातळी सांगणारी ए, बी, सी अशी अक्षरं) धरा. १,४०० मीटर वरच्या आकड्याला नेले की पाच टप्पे होतात, त्यांचे दहा गट, म्हणजे पहिल्याच डाइव्हला तुम्ही 'जे' गटात. तेवढा जाच करण्यापेक्षा शुक्रवारी रात्री गावात पोचून झोपा आणि सकाळी ताज्या शरीराने उतरा. अल्बुकर्की सुमारे ५,३०० फुटांवर आणि डेन्व्हर ५,२८० वर, म्हणजे तिथले लोक उतरूनच येतात. येताना त्यांना हा त्रास नाही. त्यांचा त्रास परत जाताना आहे, तो पुढे सांगतो.

खोली आणि उरलेली मिनिटं दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. शिअरवॉटरसारखी यंत्रं दाब वाचून उंची आपोआप धरतात. जुन्या सूंटोमध्ये, झूप किंवा डी-फोर वगैरेत, उंची हाताने लावावी लागते. ए-शून्य म्हणजे ३०० मीटरपर्यंत, ए-एक म्हणजे ३०० ते १,५००, ए-दोन त्यापुढे. इथे ए-एक. गोवा-मालवणात वापरलेलं यंत्र ए-शून्यवर तसंच असतं, आणि ते खुशाल ज्यादा मिनिटं दाखवत राहतं. कुठलंही यंत्र असलं तरी काठावर, हवेत, चालू करा. पाण्यात शिरल्यावर आपोआप जागं होऊ दिलं तर सुरुवातीचा दाबच चुकीचा धरला जाण्याचा धोका असतो. गोडं पाणी की खारं हे सेटिंगही बदला, पण त्याने फक्त दिसणारी खोली बदलते. मुदतीवर त्याचा फरक पडत नाही, म्हणून ते विसरलात तर फार बिघडत नाही.

सुईवाला डेप्थ गेज इथे उघड उघड खोटं बोलतो. तो समुद्रसपाटीच्या दाबावर शून्य केलेला असतो. तुम्ही २५ मीटरवर असता तेव्हा काटा २३ च्या आसपास असतो. भाड्याच्या कन्सोलमध्ये अजून हे गेज भेटतं.

थंडीकडे वळू. १६ अंश हा आकडा ऐकायला सौम्य वाटतो, पण पुण्याच्या डिसेंबरातल्या पहाटेची हवा आणि त्याच तापमानाचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हवेपेक्षा पाणी शरीरातली उष्णता वीसपट-पंचवीसपट वेगाने ओढतं. मालवणचा ३ मिलिमीटरचा सूट इथे दहा मिनिटांत निरुपयोगी होतो. ७ मिलिमीटरचा पूर्ण सूट, वर हूड, ५ मिलिमीटरचे हातमोजे आणि जाड तळाचे बूट, एवढं हवंच. जे नियमित येतात ते ड्रायसूटच घालतात. हूड टाळू नका. हूड नसेल तर थंड पाणी कानात शिरतं, क्षणभर गरगरतं, आणि नेमकं तेव्हाच कान मोकळे करायचे असतात. पहिल्या दहा मीटरमध्ये दर मीटरला कान मोकळे करत उतरा.

सूटची दुसरी बाजू खोलीवर कळते. निओप्रीनमधले हवेचे कप्पे २० मीटरवर चेपतात आणि जाड सूटची तरंगण्याची ताकद निम्म्याहून कमी होते. वर काठाशी बरोबर वाटलेला माणूस १५ मीटरखाली दगडासारखा जायला लागतो. मग घाबरून बीसीडीत (हवा भरायच्या जाकिटात) भसाभस हवा भरतो, आणि वर येताना तीच हवा फुगून त्याला बुचासारखी उडवते. या डोहात नवख्यांची जी धडपड दिसते तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. उतरताना दर तीन-चार मीटरला थोडीशी हवा, एकदम नाही. चढताना दर दोन मीटरला थोडी सोडत यायचं.

बुडण्यासाठी बांधायच्या शिशाचा हिशोब करून या. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं. माणूस आणि सगळं सामान मिळून १०० किलो भरत असेल, तर त्याच सूटमध्ये समुद्रापेक्षा अडीच किलो शिसं कमी लागतं. पण सूट तोच नसतो. समुद्रात ३ मिलिमीटरला चार-पाच किलो बांधणारा माणूस इथे ७ मिलिमीटरमध्ये सात-आठ किलोपाशी पोचतो. दुकानात वजनं पौंडात मिळतात. १६ पौंड म्हणजे सव्वासात किलो. आकडा तोंडपाठ करून उपयोग नाही, तपासणी करा. पहिल्या डाइव्हच्या शेवटी टाकीत ५०० पीएसआय उरली असताना ४ मीटरवर बीसीडी रिकामी करून निश्चल राहता आलं पाहिजे. वर सरकत असाल तर एक-दोन पौंड वाढवा. ही तपासणी शेवटीच का? ॲल्युमिनियमची ८० घनफुटांची टाकी भरलेली असताना तिच्यात अडीच किलोच्या वर हवा असते. ती संपत जाते तशी टाकी बुडण्याऐवजी तरंगायला लागते.

हवेचंही गणित तेवढंच नेमकं आहे. २५ मीटरवर इथे एकूण दाब सुमारे ३.३ वातावरण. मिनिटाला २० लिटर घेणाऱ्याला खाली ६५ लिटर लागतात. ११ लिटरची टाकी २०० बारवरून ५० वर आणली तर हातात साडेसोळाशे लिटर, म्हणजे तळाशी फार तर २५ मिनिटं, त्यातही उतरण्या-चढण्याचा वेळ आला. थंडीत श्वास वाढतो, तेव्हा २५ ऐवजी १८ मिनिटं धरा. अमेरिकेत सगळं पीएसआयमध्ये असतं: ३,००० म्हणजे सुमारे २०० बार, ७०० म्हणजे ५०. १,२०० पीएसआयला तळ सोडायचा, असं बडीशी (डाइव्हच्या जोडीदाराशी) काठावरच ठरवून घ्या.

चांगला बेत असा: पहिली डाइव्ह सकाळी आठच्या आत, दोराने उतरून १८ ते २० मीटर, एकूण २५ मिनिटं. दीड तास विश्रांती, गरम काहीतरी पोटात, अंगावर कोरडा जाड कपडा. दुसरी १२ मीटरच्या आत, त्यात कसरती. ६ ते ८ मीटरच्या पट्ट्यात प्रशिक्षणाचे प्लॅटफॉर्म आहेत. मास्क काढून घालणं, रेग्युलेटर (श्वास घ्यायचं तोंडातलं यंत्र) शोधणं, बडीची हवा घेणं हे तिथे. प्लॅटफॉर्मवर गुडघे टेकू नका, त्याच्या वर एक हात अंतरावर तरंगत तेच करा. तेवढं जमलं की या सहलीचे पैसे वसूल.

सकाळी आठ का, तर पाण्यासाठी. पहाटे या काठावरून तो काठ आणि तळसुद्धा दिसतो. शनिवारी दहानंतर तीन राज्यांतले वर्ग येतात, एकाच वेळी वीस-पंचवीस जण तळ ढवळतात, आणि दुपारपर्यंत निळ्याचं ताक होतं. झऱ्यामुळे रात्रीतून ते पुन्हा निवळतं. उन्हाळ्यात आणखी एक भर: पोहायला आलेली मंडळी. खडकावरून मुटके मारणारी पोरं खाली कोण आहे ते बघत नाहीत. आपल्याकडच्या विहिरीवरचंच दृश्य, फक्त इथे तुमच्या पाठीवर पंधरा किलोची टाकी आहे. उडी मारायच्या खडकाखाली कधीही वर येऊ नका. शेवटच्या पाच मीटरला वर बघत, एक हात डोक्यावर धरून, दोराच्या कडेने या. म्हणूनच माहितगार लोक हिवाळ्यात येतात. पाणी तेच, गर्दी निम्मी. फक्त बाहेर शून्याखाली असेल तर रेग्युलेटर काठावर तोंडात धरून श्वास घेऊ नका आणि पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबू नका. रेग्युलेटरचा तोंडाकडचा ओला भाग तिथेच गोठतो आणि हवा सुटायला लागते. पहिला श्वास पाण्याखाली घ्या. उन्हाळ्यात याच्या उलट: ७ मिलिमीटरचा काळा सूट घालून ३५ अंशांत ब्रीफिंग ऐकत उभं राहिलं तर भोवळ येते. सूट कमरेपर्यंतच चढवा आणि डोक्यावर पाणी ओता.

सोयी ठीकठाक. उतरायला बांधलेल्या पायऱ्या आहेत, पण शेवटच्या पायरीवर शेवाळ असतं आणि तिच्यापुढे पायाखाली काही नाही. उथळ पाणी हा प्रकारच नाही. पायरी सोडण्याआधी बीसीडीत हवा, फिन पाण्यात बसून. डाइव्हिंगसाठी शहराचा परवाना घ्यावा लागतो आणि सर्टिफिकेशन कार्ड दाखवावं लागतं. पार्किंगचे पैसे वेगळे. दर बदलत असतात, निघण्याआधी बघून घ्या. टाक्या भरून देणारं दुकान काठाशीच आहे, पण मधल्या वारी ते उघडं सापडेल या भरवशावर राहू नका. मंगळवार-बुधवारी येणार असाल तर अल्बुकर्कीतून भरलेल्या टाक्या आणा, आणि नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनची हवा) हवं असेल तर तेही तिथूनच. ३२ टक्क्यांचं मिश्रण या खोलीला बिनधोक चालतं आणि उंचीमुळे गेलेली मिनिटं बरीचशी परत देतं. भाड्याचे सूट हा कुठल्याही तळ्याकाठचा कच्चा दुवा. गुडघ्याला आणि मानेला झिजलेला ७ चा सूट ५ चंच काम करतो. मान आणि मनगटं आधी बघा. आपलं हूड आणि हातमोजे घरून आणले तर अर्धी थंडी तिथेच गेली.

आता परतीचा रस्ता. पश्चिमेला अल्बुकर्कीकडे निघालात की सुमारे ९० किलोमीटरवर क्लाइन्स कॉर्नर्स लागतं, आणि तिथे हायवे ७,००० फुटांच्या वर असतो. म्हणजे डाइव्ह संपवून तासाभरात तुम्ही आणखी अडीच हजार फूट चढलात. डेन्व्हरच्या वाटेवर रॅटन पास ७,८३४ फुटांवर. शरीराला गाडीने चढलं की विमानाने, याने काही फरक पडत नाही. अमेरिकी नौदलाच्या तक्त्यांत प्रत्येक गटाला आणि चढाईला थांबायचा वेळ दिलेला असतो, पण दोन डाइव्हनंतर सोपा मार्ग म्हणजे रात्र गावातच काढणं. अमॅरिलो-डॅलसकडे जाणाऱ्यांना ही अडचण नाही, तिकडे रस्ता एकंदरीत उतरता आहे: टुकमकेरी सुमारे ४,१०० फूट, अमॅरिलो ३,६०० च्या आसपास. म्हणून पश्चिम किनाऱ्याकडून येणाऱ्यांनी ब्लू होल करून पूर्वेला जावं, आणि पूर्वेकडून येऊन पश्चिमेला जाणाऱ्यांनी मुक्काम धरावा. विमान पकडायचं असेल तर डॅन (DAN) या डाइव्हर-सुरक्षा संस्थेच्या सूचनेप्रमाणे अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास.

मुक्कामाला जुन्या रूट ६६ वरची मोटेलं आहेत. जेवणात न्यू मेक्सिकोची हिरवी मिरची. एन्चिलाडावर लाल की हिरवी विचारतील, हिरवी सांगा. खर्ड्याची सर नाही, पण थंडीने आखडलेल्या माणसाला चालून जाते. शाकाहारी असाल तर बीन्समध्ये चरबी घातली आहे का ते विचारून घ्या.

एक शेवटचं, विशेषतः टेक्ससहून येणाऱ्यांसाठी. लेक ट्रॅव्हिस आणि लेक टेक्सोमा या दोन्हीत झेब्रा शिंपले पसरले आहेत. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, आणि बीसीडीच्या पिशवीत उरलेल्या वाटीभर पाण्यातून ती दुसऱ्या तळ्यात जातात. तिकडे मागच्या आठवड्यात डाइव्ह केली असेल तर बीसीडी उलटी करून खालच्या व्हॉल्व्हमधून सगळं पाणी काढा, आत ६० अंशांचं गरम पाणी फिरवा, बूट आणि सूट उलटे करून कडकडीत वाळवा. बुटांच्या आतला अस्तराचा कोपरा सगळ्यात शेवटी वाळतो. तिथे बोट घालून बघा आणि मगच सामान डिकीत टाका.